ऑनलाइन कॉस्ट अकाउंटिंगचा कोर्स: आधी नग, मग रक्कम

७ जून

कॉस्ट अकाउंटिंगचा, म्हणजे वस्तू बनवायला खर्च किती आला ते काढायचा, कोर्स आजपासून सुरू. एका सेमिस्टरचा आहे, व्हिडिओ सगळे रेकॉर्डेड, दर आठवड्याला एक क्विझ, मधे एक मोठी असाइनमेंट आणि शेवटी कॅमेरा लावून परीक्षा. फायनान्शियल अकाउंटिंग आधी झालंय त्यामुळे डेबिट-क्रेडिट नव्याने शिकायचं नाहीये. या नोंदी ठेवतेय त्या जे कोणी काम सांभाळून हाच विषय असाच एकट्याने करणार आहेत त्यांच्यासाठी, म्हणजे वेळ कुठे जातो आणि काय केल्याने वाचतो ते आधीच कळेल. थिअरी लिहीत नाही, ती कुठेही मिळते.

सामान: एक एक्सेल फाइल, एक आखीव वही, साधा कॅल्क्युलेटर. परीक्षेत एक्सेल चालणार नाही हे कोर्सच्या माहितीपत्रकात अगदी खाली लिहिलंय, म्हणून वही पहिल्या दिवसापासून सोबत हवी.

११ जून

पहिलं प्रकरण कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा टप्प्याटप्प्याने मांडलेला तक्ता. व्हिडिओ दीडपट वेगाने बघितले, सगळं समजलं असं वाटलं, क्विझ उघडली आणि पहिल्याच गणितात अडकले. व्हिडिओत सर प्रत्येक आकडा बरोबर त्याच्या जागी ठेवत जातात त्यामुळे आपल्याला काही ठरवावंच लागत नाही, आणि क्विझमध्ये नेमकं तेच ठरवायचं असतं की हा आकडा कुठे बसतो.

गणित असं होतं. कच्चा माल ओपनिंग (सुरुवातीचा साठा) १२,०००, खरेदी ८५,०००, क्लोजिंग (शेवटचा साठा) १५,०००. म्हणजे वापरलेला माल ८२,०००. डायरेक्ट लेबर (थेट वस्तू बनवणाऱ्यांची मजुरी) ४६,०००. इथवर प्राइम कॉस्ट (थेट माल आणि थेट मजुरी) १,२८,००० आणि फॅक्टरी ओव्हरहेड (एकेका नगाशी थेट जोडता न येणारे कारखान्याचे खर्च) ६४,००० धरून १,९२,०००. पण खाली एक ओळ होती की वापरलेल्या मालापैकी ५,००० चा माल इनडायरेक्ट आहे आणि तो ओव्हरहेडमध्ये अजून धरलेला नाही. मग डायरेक्ट मटेरियल ७७,०००, प्राइम कॉस्ट १,२३,०००, ओव्हरहेड ६९,०००. बेरीज परत १,९२,००० च. पुढे ओपनिंग डब्ल्यूआयपी (अर्धवट झालेला माल) १८,००० मिळवायचं, क्लोजिंग २२,००० वजा करायचं, तयार मालाची कॉस्ट १,८८,०००. शेवटचं उत्तर दोन्ही वाटांनी तेच येतं पण प्राइम कॉस्टला वेगळे मार्क आहेत आणि ते जातात. म्हणून शेवटचा आकडा जुळला की पुढे पळायचं नाही, मधल्या बेरजा बघायच्या.

आजपासून बदललेली पद्धत: व्हिडिओ साध्या वेगाने, सरांनी गणित वाचून झालं की लगेच पॉज, आधी स्वतः वहीत सोडवायचं आणि मग प्ले. वेळ दुप्पट लागतो. पण एकच व्हिडिओ तीनदा बघण्यापेक्षा कमीच लागतो.

१९ जून

ईओक्यूचा भाग, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की खर्च सगळ्यात कमी येतो. फॉर्म्युला १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस यांनी मांडलेला आहे आणि आजही जसाच्या तसा शिकवतात, वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. सोपं आहे. फसवतो तो काळ. क्विझमध्ये मागणी महिन्याला १,००० नग दिलेली, एका ऑर्डरचा खर्च ६० आणि सांभाळायचा खर्च वर्षाला ४. मागणी १,००० च टाकली तर उत्तर १७३ येतं, १२,००० टाकली तर ६००.

६०० बरोबर आहे हे ताडून बघायची युक्ती लक्षात ठेवा: वर्षाला २० ऑर्डरी, प्रत्येकी ६० म्हणजे १,२००. सरासरी साठा ३०० नग, प्रत्येकी ४, म्हणजे तेही १,२००. हे दोन खर्च सारखे आले पाहिजेत. नाही आले तर काहीतरी चुकलंय. १७३ वर हे करून बघा, वर्षाचे खर्च सारखे येतच नाहीत.

यावर वेळ फार गेला नाही. पुढे.

२८ जून

ओव्हरहेड. इथे गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडली.

वर्षाच्या सुरुवातीला अंदाज: ओव्हरहेड ३,६०,०००, मशीन तास २४,०००, म्हणून दर तासाला १५. वर्ष संपलं, खरे तास २२,५००, खरा ओव्हरहेड ३,५१,०००. कामांवर लावलेला ओव्हरहेड २२,५०० × १५ = ३,३७,५००. फरक १३,५००, कमी लावला गेला.

आकडे येत होते, पण हे का करायचं ते डोक्यात बसेना. खरा खर्च वर्षअखेर समजणारच आहे तर अंदाजाचा दर कशाला, हा प्रश्न सुटत नाही तोवर डेबिट बाजू आणि क्रेडिट बाजू पाठ करावी लागते, आणि पाठ केलेलं दर वेळी उलटतं. रविवारच्या लाइव्ह डाउट सेशनमध्ये विचारलं. ट्युटर मॅडम म्हणाल्या, "महिना संपायच्या आत ग्राहकाला भाव सांगायचा असेल तर तुम्ही काय करणार, वर्षअखेरपर्यंत थांबवणार त्याला?" आणि मग पुढे जे म्हणाल्या ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "कुठलंही गणित असू दे, आधी नग किंवा तास कुठून आले आणि कुठे गेले ते मांडा. रकमेला हात नंतर लावा."

तेव्हा ते फक्त लिहून घेतलं. या गणितापुरतं त्याचा अर्थ इतकाच की खात्याच्या डेबिटला खरा खर्च जातो, क्रेडिटला तास × दर. डेबिट जास्त उरलं की कमी लावला, क्रेडिट जास्त उरलं की जास्त लावला. उरलेली रक्कम छोटी असेल तर सरळ विकलेल्या मालाच्या कॉस्टमध्ये टाकतात, मोठी असेल तर डब्ल्यूआयपी, तयार माल आणि विकलेला माल या तिघांत वाटतात. क्विझमध्ये दोन्ही विचारतात, प्रश्न नीट वाचायचा.

६ जुलै

सर्व्हिस डिपार्टमेंटचं, म्हणजे स्वतः माल न बनवता इतर विभागांना सेवा देणाऱ्या विभागांच्या खर्चाचं वाटप. मेंटेनन्सचा खर्च ४४,०००, पॉवरचा २५,०००. मेंटेनन्सचं १० टक्के काम पॉवरसाठी, पॉवरचं २० टक्के मेंटेनन्ससाठी, बाकी सगळं प्रॉडक्शनला. एकमेकांना सेवा देतात म्हणून दोन समीकरणं मांडायची.

एक्सेलमध्ये सरळ मांडलं तर सर्क्युलर रेफरन्सची (फॉर्म्युला फिरून स्वतःवरच येतोय अशी) सूचना येते आणि सेलमध्ये शून्य दिसतं. ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजमध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू केलं की उत्तर येतं. आलंही. पण नंतर बंद करायला विसरू नका, कारण चालू राहिलं तर पुढे कुठे खरंच चुकून गोल फॉर्म्युला पडला तरी एक्सेल गप्प बसतं. माझ्या कॉस्ट शीटच्या टॅबमध्ये तेच झालं, बेरजेचा सेल स्वतःलाच धरत होता आणि आकडा दर रिकॅल्क्युलेशनला फुगत होता, ते शोधण्यात संध्याकाळ गेली.

आता हे वहीतच करते. मेंटेनन्स = ४४,००० + ०.२ × पॉवर. पॉवर = २५,००० + ०.१ × मेंटेनन्स. एक दुसऱ्यात घातलं की मेंटेनन्स ५०,०००, पॉवर ३०,०००. या दोघांची बेरीज ८०,००० येते आणि खरा खर्च ६९,००० च आहे, हे बघून घाबरायचं नाही. प्रॉडक्शनला जातात ५०,००० चे ९० टक्के म्हणजे ४५,००० आणि ३०,००० चे ८० टक्के म्हणजे २४,०००. बेरीज ६९,०००. जुळलं.

१५ जुलै

प्रोसेस कॉस्टिंग, म्हणजे एकसारखे नग सलग बनतात तिथे एका नगाचा खर्च काढणं. ज्यांना फक्त एकच नोंद वाचायची आहे त्यांनी ही वाचा.

गणित: ओपनिंग डब्ल्यूआयपी २,००० नग, माल १०० टक्के पडलेला, कन्व्हर्जन (मजुरी आणि ओव्हरहेड) ४० टक्के. नव्याने सुरू केले १८,०००. क्लोजिंग ४,००० नग, माल १०० टक्के, कन्व्हर्जन २५ टक्के. ओपनिंगमधली रक्कम: माल ९,०००, कन्व्हर्जन ४,४००. या महिन्यातली: माल ९१,०००, कन्व्हर्जन ९७,६००.

सुरुवातीला सरळ फॉर्म्युला धरून गेले आणि तिथेच घोळ झाला, कारण वेटेड ॲव्हरेज (मागच्या आणि या महिन्याचं काम एकत्र धरणं) आणि फिफो (फक्त या महिन्याचं काम धरणं) दोघांचे फॉर्म्युले एकमेकांसारखे दिसतात आणि दोन व्हिडिओंत दोन शिक्षकांनी दोन वेगळ्या मांडण्या केल्या आहेत. एक ओपनिंग वजा करतो, दुसरा "ओपनिंग पूर्ण करायला लागलेलं काम" मिळवतो. दोन्ही बरोबर आहेत. पण दोन्ही अर्धे अर्धे आठवले की उत्तर तिसरंच येतं.

तेव्हा मॅडमचं ते वाक्य आठवलं. रकमा कागदाने झाकल्या. खरंच कागद ठेवला त्यावर. फक्त नग लिहिले: आले २,००० + १८,००० = २०,०००. गेले १६,००० पूर्ण, ४,००० शिल्लक. २०,०००. मग शेजारी दोन रकाने, माल आणि कन्व्हर्जन.

वेटेड ॲव्हरेज: माल १६,००० + ४,००० = २०,०००. कन्व्हर्जन १६,००० + १,००० (४,००० चे २५ टक्के) = १७,०००. हे कसलंही पाठांतर न करता आलं. फिफो म्हणजे यातून मागच्या महिन्यात झालेलं काम काढून टाकायचं, बस. मागच्या महिन्यात माल २,००० नगांचा पडला होता, कन्व्हर्जन ८०० चं (२,००० चे ४० टक्के). म्हणून १८,००० आणि १६,२००.

आता कागद बाजूला. वेटेड ॲव्हरेजला माल १,००,००० भागिले २०,००० म्हणजे ५, कन्व्हर्जन १,०२,००० भागिले १७,००० म्हणजे ६. पूर्ण झालेले १६,००० × ११ = १,७६,०००. क्लोजिंग २०,००० + ६,००० = २६,०००. बेरीज २,०२,०००, आणि आत आलेली रक्कमही २,०२,०००.

त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये प्रत्येक टॅबच्या वरच्या भागात फक्त नगांचा तक्ता असतो, "आले" आणि "गेले" आणि फरक. फरक शून्य नसेल तर रकमेचा भाग लाल होतो, कंडिशनल फॉरमॅटिंगने. इतकी साधी गोष्ट आहे पण या कोर्समध्ये माझ्या सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच.

१७ जुलै

त्याच गणिताचा फिफो भाग पोर्टलने चूक दिला. तासभर मांडणी तपासली, चूक सापडेना, कारण मांडणीत चूक नव्हतीच.

फिफोमध्ये माल ९१,००० भागिले १८,००० म्हणजे ५.०५५५… आणि कन्व्हर्जन ९७,६०० भागिले १६,२०० म्हणजे ६.०२४६… मी दर दोन दशांशांवर कापून पुढे गेले होते, ५.०६ आणि ६.०२. त्याने क्लोजिंग २६,२६० येतं. न कापता केलं तर २६,२४६.९१. पूर्ण झालेल्यांची रक्कम कापून १,७५,७४४ आणि न कापता १,७५,७५३.०९. न कापलेल्यांची बेरीज बरोबर २,०२,०००, कापलेल्यांची २,०२,००४. पोर्टलला फक्त एकाच्या फरकाची मुभा आहे.

म्हणून नियम: शीटमध्ये कुठेही राउंड करायचं नाही, फक्त उत्तर टाइप करताना. आणि वहीत करताना दर अपूर्णांकातच ठेवायचा, म्हणजे ९१/१८ असाच, गुणायची वेळ आली की मग कॅल्क्युलेटर. प्रश्नात "दर दोन दशांशांपर्यंत घ्या" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच कापायचं. काही प्रश्नांत असतं.

पोर्टलच्या अजून दोन गोष्टी. स्वल्पविराम घातला तर काही बॉक्स चालवून घेतात, काही चूक देतात, म्हणून कधीच घालू नका. आणि व्हेरिअन्सला (ठरवलेल्या आणि खऱ्या खर्चातल्या फरकाला) उणे चिन्ह चालत नाही, शेजारच्या यादीतून अनुकूल की प्रतिकूल निवडायचं असतं.

२४ जुलै

नॉर्मल लॉस (नेहमी होणारी, धरलेली घट), ॲबनॉर्मल लॉस (त्याहून जास्त झालेली). नगांच्या तक्त्यामुळे हे प्रकरण दोन बैठकांत संपलं, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

आत १०,००० नग, एकूण खर्च ९६,०००. नॉर्मल लॉस ५ टक्के म्हणजे ५००, स्क्रॅपचा भाव नगाला २. खरे चांगले नग बाहेर आले ९,३००. नगांचा तक्ता: ९,३०० + ५०० + ॲबनॉर्मल २०० = १०,०००. तो २०० आकडा तक्त्यातूनच पडतो, वेगळा शोधावा लागत नाही.

नॉर्मल लॉस होणारच होता म्हणून त्याचा भार चांगल्या नगांनी उचलायचा: (९६,००० − १,०००) भागिले ९,५०० = १०. इथे ९,३०० ने भागायचा मोह होतो. तसं केलं तर निष्काळजीपणाने गेलेले २०० नगही चांगल्या मालाच्या कॉस्टमध्ये लपून जातात आणि मालकाला कधी दिसतच नाहीत. हा भाग मला मनापासून आवडला, कारण भागाकार कशाने करायचा यावर जबाबदारी कोणाची ते ठरतंय. चांगला माल ९३,०००, ॲबनॉर्मल लॉस २,०००, स्क्रॅप १,०००, बेरीज ९६,०००. त्या २०० नगांचं स्क्रॅप ४०० मिळतं म्हणून नफातोट्याला १,६०० च जातात.

२ ऑगस्ट

मोठी असाइनमेंट: एका काल्पनिक कारखान्याची दोन उत्पादनं, आधी जुन्या पद्धतीने (खर्च नगांवर वाटून) आणि मग ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगने (खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामावर वाटून). ही पद्धत १९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी पुढे आणली, आणि त्यांना जी अडचण दिसत होती तीच असाइनमेंटमध्ये लहान करून दिली आहे.

मशीन सेटअपचा (उत्पादन सुरू करायला मशीन लावून घेण्याचा) खर्च ६०,०००. पहिलं उत्पादन ९,००० नग, ५ सेटअप. दुसरं १,००० नग, २५ सेटअप. नगांवर वाटलं तर प्रत्येक नगाला ६. सेटअपवर वाटलं तर एका सेटअपला २,०००, म्हणजे पहिल्याला १०,००० (नगाला १.११) आणि दुसऱ्याला ५०,००० (नगाला ५०). दुसरं उत्पादन फायद्यात वाटत होतं ते मोठ्या तोट्यात निघालं.

वेळ कशात गेला तर गणितात नाही. प्रत्येक खर्चाला कुठला ड्रायव्हर (खर्च ज्या प्रमाणात वाटायचा ते माप, जसं सेटअपची संख्या) आणि का, हे चार-चार ओळींत लिहायचं होतं, त्यात गेला. मी आधी सगळं गणित केलं आणि शेवटी कारणं लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की इन्स्पेक्शनच्या खर्चाला घेतलेला ड्रायव्हर पटवून देता येत नाही, म्हणून तो बदलला आणि अर्धं शीट परत करावं लागलं. कारणं आधी लिहा, गणित नंतर करा. आणि ड्रायव्हरचे आकडे एकाच जागी ठेवा, फॉर्म्युल्यात हाताने टाइप करू नका, नाहीतर बदलताना एखादा राहतोच.

एक खर्च वायाही गेला. सोडवलेल्या उत्तरांच्या एका साइटची महिन्याची वर्गणी भरली होती. काही कामाची नाही. आकडे दर प्रयत्नाला बदलतात म्हणून उत्तर उपयोगी पडत नाही, आणि मांडणी तर आपल्याला स्वतःलाच करता यायला हवी. भरू नका.

११ ऑगस्ट

स्टँडर्ड कॉस्टिंग (आधी ठरवलेल्या खर्चाशी खरा खर्च ताडणं), व्हेरिअन्स. इथे एक गोष्ट अशी सापडली की जी कुठल्याच व्हिडिओत नीट सांगितलेली नाही म्हणून सविस्तर लिहिते.

स्टँडर्ड: एका नगाला ३ किलो, किलोला २०. बजेट २,००० नगांचं, बनले १,९०० नग. माल खरेदी केला आणि वापरला ५,९०० किलो, भाव १९.५०, म्हणजे १,१५,०५०.

भावाचा फरक: ५,९०० × ०.५० = २,९५० अनुकूल. वापराचा फरक: स्टँडर्ड किती लागायला हवं होतं? बजेट धरलं तर ६,००० किलो, म्हणजे १०० किलो वाचले, २,००० अनुकूल. एकूण ४,९५० अनुकूल. ताळा घेऊ: बजेट १,२०,००० वजा १,१५,०५० = ४,९५०. जुळलं!

आणि साफ चूक आहे. नग १,९०० बनलेत, तर १,९०० × ३ = ५,७०० किलोच लागायला हवे होते. २०० किलो जास्त गेले, ४,००० प्रतिकूल. एकूण १,०५० प्रतिकूल. ताळा: १,१४,००० वजा १,१५,०५०. तोही जुळतो.

म्हणजे बेरीज जुळणं हा पुरावा नाही. चुकीच्या पायावर उभं केलेलं गणितही आतल्या आत जुळतं. कमी नग बनवले म्हणून माल कमी लागला, आणि तक्ता म्हणतोय शाबास, काटकसर केली. प्रत्यक्षात मालाची नासाडी झालेली आहे. अशा तक्त्यावर कोणी खरेदीवाल्याला आणि मशीनवाल्याला जाब विचारला तर काय होईल याचा विचार करा. मला हे बघून बराच वेळ पुढचं गणित सुचेना.

दुरुस्ती तीच जुनी. पहिली ओळ कायम "खरे बनलेले नग". व्हेरिअन्सच्या टॅबमध्ये बजेटचे नग मी खाली वेगळ्या चौकटीत टाकलेत, म्हणजे हात चुकून तिकडे जाणार नाही.

२० ऑगस्ट

ॲब्सॉर्प्शन (स्थिर ओव्हरहेड नगांच्या कॉस्टमध्ये धरणं) आणि व्हेरिएबल कॉस्टिंग (तो त्या महिन्याच्या नफ्यातून सरळ वजा करणं). दोन नफे का येतात, हा प्रश्न.

विक्री भाव ५०, बदलता खर्च ३०, स्थिर ओव्हरहेड महिन्याला १,२०,०००, नेहमीचं उत्पादन १०,००० म्हणून नगाला १२. पहिला महिना बनवले १०,०००, विकले ८,०००. दुसरा महिना बनवले ९,०००, विकले ११,०००.

व्हेरिएबलने नफा ४०,००० आणि १,००,०००. ॲब्सॉर्प्शनने ६४,००० आणि ७६,०००. दोन महिन्यांची बेरीज दोन्हीकडे १,४०,०००. विक्री ३,००० नगांनी वाढली, तरी ॲब्सॉर्प्शनमध्ये नफा फक्त १२,००० ने वाढला. १९३६ मध्ये जोनाथन हॅरिस या अमेरिकन अकाउंटंटने नेमकं हेच दुखणं मांडलं होतं, की विक्री वाढली आणि नफा घटला याचं उत्तर साहेबांना काय द्यायचं, आणि तिथून डायरेक्ट कॉस्टिंगची, म्हणजे व्हेरिएबलचीच, चर्चा जोरात सुरू झाली.

दोन लांबलचक नफापत्रकं करायची गरज नाही. गोदामातले नग किती वाढले? २,०००. गुणिले १२. २४,००० चा फरक. पहिल्या महिन्यात वर, दुसऱ्यात खाली. क्विझमध्ये पूर्ण पत्रक मागितलं असेल तर करा, पण आधी हा फरक कोपऱ्यात लिहून ठेवा आणि शेवटी ताडून बघा. दुसऱ्या महिन्यात १,००० नग कमी बनले त्याचे १२,००० कमी लावले गेले, ते वजा करायला हमखास विसरतं, तर हा ताळा ते पकडतो.

५ सप्टेंबर

परीक्षेची तयारी. फक्त वही, पेन आणि स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वापरून जुनी गणितं परत सोडवली. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरला मेमरी नाही, त्यामुळे मधले आकडे कागदावर लिहावे लागतात, आणि त्याची सवय नसेल तर एकेका गणिताला दीडपट वेळ लागतो. ही सवय महिनाभर आधी लावायला हवी, शेवटच्या आठवड्यात नाही.

रफ कागद सुरुवातीला दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवावा लागतो, कोरा हवा. मी कागदावर आधीच रकाने आखून ठेवणार होते, ते चालत नाही. नगांचा तक्ता तीन रेघांत हाताने मारायचा सराव केला.

१४ सप्टेंबर

परीक्षा झाली. प्रोसेस कॉस्टिंगचं गणित फिफो आणि ॲबनॉर्मल लॉस एकत्र करून आलं होतं. बघून धस्स झालं पण नग लिहिले तसं सुटत गेलं. वेळ कमी पडला तो शेवटच्या स्थिर ओव्हरहेडच्या व्हेरिअन्सला.

२६ सप्टेंबर

निकाल आला, चांगला आहे. कुठल्या प्रश्नाला मार्क गेले ते पोर्टलवर दिसतं, म्हणून तो शेवटचा प्रश्न परत उघडला.

बजेट २,४०,०००, बजेटचे नग १२,०००, दर २०. बनले ११,४००, खर्च झाला २,३६,०००. खर्चाचा फरक ४,००० अनुकूल, हे बरोबर लिहिलं होतं. व्हॉल्यूमचा फरक ६०० नग × २० = १२,०००, तो घाईत अनुकूल निवडला गेला. कमी नग बनले, स्थिर खर्च तितक्या नगांवर पसरला नाही, म्हणून प्रतिकूल. ताळा घेतला असता तर दिसलं असतं: लावलेला २,२८,०००, खरा २,३६,०००, एकूण ८,००० प्रतिकूल. ४,००० अनुकूल आणि १२,००० प्रतिकूल मिळूनच ते येतं.

गंमत बघा, मटेरियलच्या व्हेरिअन्सला बजेटचे नग बाजूला ठेवायचे असतात आणि इथे तेच नग समोर लागतात, कारण प्रश्नच "ठरवले किती, बनवले किती" हा आहे. माझ्या टॅबमध्ये मी ते खालच्या चौकटीत टाकले होते, म्हणून सरावातही माझी नजर तिकडे जात नव्हती. आज स्थिर ओव्हरहेडसाठी वेगळा टॅब केला, वरती दोन ओळी: बजेटचे नग, बनलेले नग. शेजारी फरक, आणि फरक उणे असेल तर सेलमध्ये आपोआप "प्रतिकूल" येतं.